तबकडीच्या पाठीवरची वेल

अलेक्झांड्रिया,
३ मार्च १९५४

ती. अफीफेताईस,
लोरिसचा नमस्कार आणि दोन्ही गालांवर एकेक मुका. वि. वि.

तुझं पत्र परवा पोचलं, आणि तेव्हापासून घरात मी कुणाला बोलूच देत नाही. हबीब म्हणतात, लग्नाला पंचवीस वर्षं झाली, पण बायको आपल्याबद्दल एवढ्या तोऱ्यानं कधी बोलली नाही. मी म्हटलं, तुमच्या नावाची वेल कुठे आहे, दाखवा.

खरंच ताई, किती आनंद झाला म्हणून सांगू. मठाच्या शिवणवर्गाला पन्नास वर्षं होतात काय, त्याची पुस्तिका निघते काय, आणि तिच्या पहिल्याच पानावर ‘अफीफेची वेल’. शिवाय प्रार्थनामंदिरातल्या वेदीचं नवं कापड त्याच वेलीचं, कोपऱ्यात तुझं नाव भरणार. बारा वर्षांच्या मुलीनं मनानं काढलेला नमुना, आणि चव्वेचाळीस वर्षं अलेप्पोतली एकही नवरी त्याच्याशिवाय सासरी गेली नाही. मीसुद्धा नाही. माझ्या टेबलावरचं कापड इथल्या बायका अजून उलटून बघतात, मागची बाजूही पुढच्यासारखीच सफाईदार आहे का ते. असते.

आता गंमत ऐक. शनिवारी हबीबना भिंतीवरच्या घड्याळाची काच हवी होती, म्हणून आम्ही जुन्या बाजारात गेलो. त्यांचे गुडघे दुखतात, पण जुन्या वस्तूंच्या दुकानात ते दोन तास उकिडवे बसू शकतात, हा चमत्कार मी रोज देवाला सांगते. तिथे एका टोपलीत ग्रामोफोनच्या तबकड्या होत्या. बाबांकडे होत्या ना, एकाच बाजूला गाणं असलेल्या, तशा. एक उपडी पडली होती. तिच्या कोऱ्या बाजूवर वर्षानुवर्षांची धूळ बसून सगळी नक्षी पांढरी उठून दिसत होती. ताई, ती तुझी वेल होती. तीच पानं, तीच तिहेरी फुलं, मधल्या वर्तुळाभोवती तोच गुंफलेला हार. मी ती हातात घेऊन उभी राहिले, तर दुकानदार म्हणाला, बाईसाहेब, गाणं पलीकडच्या बाजूला आहे. मी म्हटलं, मला गाणं नको, मला चोर हवाय.

हबीब म्हणतात, तबकडी जर्मनीत बनलेली आहे. म्हणजे बघ, तुझा नमुना थेट जर्मनीपर्यंत गेला आणि तिथल्या कुणीतरी तो उचलला. कुणा प्रवाशानं रुमाल नेला असेल, दुसरं काय. मी मदर सुपीरियरना पत्र लिहायला घेतलंय. पुस्तिकेत हेही आलं पाहिजे की आमच्या ताईची वेल युरोपात गेली. उद्या पुरं करून टाकते.

इकडे समुद्राचा वारा अजून बोचरा आहे. उपास आजपासून सुरू. तू उपासाच्या नावाखाली अगदीच उपाशी राहू नकोस.

माझ्यावर आहे ती माया तशीच राहू दे, जास्त मागत नाही.

तुझी,
लोरिस


अलेप्पो,
१२ मार्च १९५४

चि. सौ. लोरिस हिस,
अफीफेचे भरभरून आशीर्वाद. वि. वि.

लोलो, मदरना पत्र पाठवलं नसशील तर पाठवू नकोस. पाठवलं असशील तर तार करून कळव, म्हणजे मी आधी जाऊन त्यांना गाठते.

तुझं पत्र मी उभ्यानं वाचलं आणि मग खाली बसले. कुणी माझी वेल उचलली नाही. मीच उचलली आहे.

तुला त्या वर्षीचं काही आठवायचं नाही, तू पाच वर्षांची होतीस. सिस्टर क्लेमाँसनी आम्हां मोठ्या मुलींना सांगितलं होतं की सोमवारी प्रत्येकीनं स्वतःच्या मनानं काढलेला एक नमुना आणायचा. नक्कल केलेला चालणार नाही. मला टाका चांगला येत होता, पण चित्र काढायला बसलं की माझ्या गुलाबाचा कोबी व्हायचा. रविवार संध्याकाळपर्यंत माझ्याकडे नुसते कोबी होते. बाबांच्या ग्रामोफोनशेजारी त्यांची आवडती तबकडी पालथी ठेवलेली होती. काळ्यावर काळी नक्षी, तिरप्या उजेडात धरल्याशिवाय दिसायचीही नाही. मी तिच्यावर पातळ कागद ठेवला आणि मेणबत्तीच्या बुडख्याला काजळी लावून वरून घासलं. सगळी वेल कागदावर उतरली. तिच्या रेघांवर सुईनं टोचे मारले, खाली दुसरा कागद धरून वरून कोळशाची पूड झाडली, झाला नमुना.

सिस्टर क्लेमाँसनी तो खिडकीशी धरून बघितला आणि माझ्या कपाळाचा मुका घेतला. त्यांनी तोवर कुणाच्याही कपाळाचा मुका घेतला नव्हता. त्यांनी विचारलं असतं की हे कुठून आणलंस, तर मी तिथल्या तिथे सांगितलं असतं, असं मी स्वतःला सांगत आले. पण त्यांनी विचारलंच नाही. कागद भिंतीवर लावला, खाली माझं नाव लिहिलं, आणि जेवायची घंटा झाली.

मग दिवस गेले. पापनिवेदनाला फादरसमोर मी शुक्रवारी उपास मोडून खाल्लेल्या कबाबाची कबुली देत आले, पण हे कधी जिभेवर आलं नाही. सुरुवातीला भीतीनं, पुढे वाटलं की आता फार उशीर झाला, आणि नंतर तर वेल सगळ्या गावाचीच झाली. तुला ठाऊक आहे, माझं लग्न झालं नाही, मूल नाही. बाजारात मला कुणी अमक्याची बायको म्हणत नाही, तमक्याची आई म्हणत नाही. वेलवाली अफीफे म्हणतात. या गावात माझं म्हणून एवढंच आहे.

आणि आता मदर पेलाजींनी चार ओळी मागितल्या आहेत, ही वेल मला कशी सुचली त्याच्या. ईस्टरच्या आधी द्यायच्या. कागद पुढ्यात आहे. तीन दिवस झाले, त्यावर फक्त तारीख आहे.

हबीबना गुडघ्यांना ऑलिव्हचं तेल कोमट करून लावायला सांग. ती तबकडी कुणाला दाखवू नकोस.

माझी समजूत काढणारी तूच एक उरली आहेस, तेव्हा रागावली असलीस तरी लिही.

तुझी,
अफीफेताई


अलेक्झांड्रिया,
२१ मार्च १९५४

ती. ताईस,
लोरिसचा नमस्कार, आणि या खेपेला मुका एकच. दुसरा राखून ठेवलाय. वि. वि.

मदरना लिहिलेलं पत्र चुलीत गेलं. आता जीव खाली ठेव.

हो, रागावले. तू तबकडीवरून वेल घेतलीस म्हणून नाही. बारा वर्षांची पोर, रविवारची संध्याकाळ आणि कोबी, तिथे मी असते तर अख्खा ग्रामोफोन घासला असता. मला राग आला तो याचा की चव्वेचाळीस वर्षं तू मला सांगितलं नाहीस. हबीबशी लग्न करायचं की नाही, इथपर्यंत मी तुला विचारलं. आणि तू एवढं ओझं एकटीनं वाहिलंस. हबीबना सांगितलं, तर ते म्हणाले की तुझ्या पोटात काही राहत नाही हे सगळ्या सीरियाला माहीत आहे, ताईंनी शहाणपणा केला. त्यांना दोन दिवस मसूरच वाढला.

पण ऐक. काल दुपारी मी टेबलावर माझं कापड अंथरलं, शेजारी तबकडी ठेवली आणि हबीबचं भिंग घेऊन पान न पान पडताळून पाहिलं. फुलं तीच, हार तोच, सगळं तेच. एक सोडून. आपल्या वेलीत तो लांब देठ आहे ना, काठापासून निघून तिरका आत जातो आणि वाटेत दोन फांद्या ओलांडतो, तीन छोटी पानं असलेला, तो तबकडीवर नाही. पुन्हा पुन्हा पाहिलं. नाहीच. आणि खरं सांग, त्या देठाशिवाय आपली वेल काय आहे? कुठल्याही हॉटेलच्या बशीवर असते तशी नक्षी. देठ आहे म्हणून ती हलते, वाऱ्यावर असल्यासारखी. लोक तिला ओळखतात तेही त्या देठावरूनच.

म्हणजे जे नावाजण्यासारखं आहे, ते तूच केलंस. तेव्हा चार ओळी लिहून टाक की देठ मला सुचला. ते खोटं नाही. बाकीचं कुणी विचारलेलं नाही. ताई, हे वय नाव मिळवायचं, घालवायचं नाही. तू गप्प राहावंस असं मला वाटतं, आणि हे मी हात जोडून लिहिते आहे.

इथे मासे स्वस्त झालेत आणि उपासात मांस वर्ज्य, म्हणून मी रोज तेच खाते आहे. लवकरच पोहायला लागेन.

दुसरा मुका तुझ्या उत्तरावर ठरेल.

तुझी,
लोलो


अलेप्पो,
२९ मार्च १९५४

चि. सौ. लोरिस हिस,
आशीर्वाद, आणि तो राखून ठेवलेला मुका मी इथूनच वसूल केला असं समज. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी इतकी हसले की वरच्या मजल्यावरची आर्मेनियन शेजारीण पाणी घेऊन खाली आली.

लोलो, तो देठ माझा नाही. ती भेग आहे. आणि ती तू पाडलेली आहेस.

त्याच वसंतात, त्या रविवारच्या आधी, तू बाहुलीचं लग्न लावलंस. पाहुण्यांना द्यायला ताट हवं होतं. एका बाजूला नुसत्या रेघा आणि दुसऱ्या बाजूला फुलं, म्हणजे फुलांची बाजू ताटाचीच असणार, असा तू हिशेब केलास. त्यावर सुके जर्दाळू मांडलेस आणि तोऱ्यात निघालीस. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाय अडखळला. जर्दाळू सांडले, तबकडी कडेवर आपटली. फुटली नाही, पण काठापासून आत एक केसासारखी भेग गेली. तू रडायच्या बेतात होतीस, म्हणून मी जर्दाळू तुझ्या तोंडात कोंबले आणि तबकडी जागेवर ठेवली. पुढे गाणं लागलं की दर फेरीला खट् असा आवाज यायचा. बाबा म्हणायचे, सुया हलक्या यायला लागल्यात, आणि नव्या सुया आणायचे. दादा ब्राझीलला जाताना ग्रामोफोन घेऊन गेला, त्याबरोबर ती तबकडीही गेली. बाबांना शेवटपर्यंत कळलं नाही.

मी काजळी लावलेलं मेण घासलं तेव्हा भेगही कागदावर उठली. तिरकी, जराशी वाकलेली. मला ती पुसता आली असती, पण मला वाटलं ती नक्षीतलीच आहे. कापडावर नुसती रेघ उघडीबोडकी दिसते म्हणून तिला तीन पानं दिली. बस, माझी कर्तबगारी एवढीच, तीन पानं.

आणि तेव्हापासून मुलींच्या तीन पिढ्यांकडून मी ती भेग भरून घेते आहे. देठाचा टाका बारीक हवा, बाक चुकला तर उसव, असं मीच त्यांच्या डोक्यावर उभी राहून सांगत आले. अलेप्पोतल्या हजारो उशांवर तुझा अडखळलेला पाय आहे.

हसून झाल्यावर मात्र गप्प बसवेना. तू म्हणतेस देठाचं लिही आणि बाकीचं राहू दे. पण आता देठही माझा नाही, मग उरलं काय लिहायला? वेदीचं कापड चारातले तीन भाग पुरं झालंय. कोपऱ्यातल्या नावाची तीन अक्षरं भरून झाली, चौथं काढून ठेवलंय. रोज सकाळी शिकवायला गेले की मी त्या कोपऱ्याकडे पाठ करून बसते. असं किती दिवस बसणार?

मी मदरना सांगायचं ठरवलंय. ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात, सोमवारी जाईन. मुली काय म्हणतील, कुणास ठाऊक. छप्पन्नाव्या वर्षी पुन्हा नुसती अफीफे व्हायचं, म्हणजे काय होतं ते मला माहीत नाही. पण जाईन. नुसतं सांगितलं तर त्या म्हणतील, वय झालं, मनाचे खेळ आहेत. म्हणून ती तबकडी कुणाबरोबर तरी पाठव.

हातापायांनी नाही तरी मनानं त्या दिवशी माझ्याजवळ ये.

तुझी,
अफीफेताई


अलेक्झांड्रिया,
४ एप्रिल १९५४

ती. ताईस,
लोरिसचा नमस्कार व दोन्ही मुके. वि. वि.

हबीबचा पुतण्या उद्याच्या बोटीनं बैरुतला निघतोय, तिथून मोटारीनं अलेप्पोला. तबकडी दोन उशांच्या अभ्र्यांत गुंडाळून दिली आहे आणि त्याला बजावलंय की हिच्यावर काहीही ठेवायचं नाही, जर्दाळूसुद्धा नाही. तो माझ्याकडे बघत राहिला.

मला अजून वाटतं जाऊ नकोस. पण तू जाणार. तर मग रिकाम्या पोटी जाऊ नकोस. आणि भेग कुणी पाडली असं विचारलं, तर नाव खुशाल सांग. एवढ्या वर्षांत माझ्या हातून झालेली टिकाऊ गोष्ट ती एकच.

सोमवारी दहा वाजता मी इथे देवळात बसलेली असेन, हे ध्यानात ठेव.

सदैव तुझीच,
लोलो


अलेप्पो,
२४ एप्रिल १९५४

चि. सौ. लोरिस व श्री. हबीब यांस,
ईस्टरचे आशीर्वाद, आणि तुमच्या घरी प्रकाश नांदो. वि. वि.

पिस्ते भरलेल्या माअमूल बिस्किटांचा डबा वेगळा पाठवला आहे. हबीबना मोजून दे.

तू वाट बघत असशील म्हणून सगळं क्रमानं लिहिते.

सोमवारी दहा वाजता मी मदर पेलाजींच्या खोलीत गेले. टेबलावर तबकडी खिडकीच्या उजेडात तिरपी ठेवली, शेजारी माझा जुना रुमाल अंथरला आणि एका दमात बोलून टाकलं. मधे थांबले असते तर पुढचं आलं नसतं. मदर माझ्याहून दहा वर्षांनी लहान आहेत, हे मी त्या वेळी पार विसरले होते. त्यांनी चष्मा लावला, तबकडीवर बोट फिरवलं, रुमालावर फिरवलं. मग पहिलाच प्रश्न काय विचारावा, तर पलीकडच्या बाजूला कोण गातं? मी म्हटलं, कुणी इजिप्तची बाई असेल, नाव झिजून गेलंय. त्या म्हणाल्या, ग्रामोफोन मठात नाही, म्हणजे आपल्याला कळायचं नाही.

मग त्यांनी विचारलं की माझं म्हणणं काय आहे. मी म्हटलं, वेदीच्या कापडावरून ती वेल काढून टाका. त्यावर त्या म्हणाल्या की अकरा मुलींचे पाच महिने त्या कापडात आहेत, आणि तेही माझे नाहीत, तेव्हा ते काढायला सांगायचा मला हक्क नाही. नाव माझं आहे, ते काढता येईल. आणि जे त्यांना सांगितलं ते वर्गात जाऊन मुलींनाही सांगायचं, कारण उसवायला मी त्यांना लावलं होतं, मदरना नाही.

लोलो, त्या जिन्याला एकवीस पायऱ्या आहेत. मी इतकी वर्षं चढते आहे, पण त्या दिवशी पहिल्यांदा मोजल्या.

मुलींनी ऐकून घेतलं. तबकडी हातोहात फिरली. मग हनेने नावाची एक सोळा वर्षांची, जिभेला हाड नसलेली मुलगी आहे, तिनं विचारलं, बाई, म्हणजे तुम्ही माझ्याकडून तीनदा उसवून घेतला तो देठ म्हणजे तडा होता? मी म्हटलं, हो. ती म्हणाली, तीनदा, बाई? मी म्हटलं, चुकलं माझं, मला माफ कर. त्यावर आधी एक हसली, मग सगळ्या हसल्या, आणि माझंही हसू मला आवरलं नाही. पुढचा प्रश्न अर्थातच, पाडला कुणी. आता अलेप्पोतल्या अकरा घरांत तुझ्या बाहुलीच्या लग्नाची गोष्ट गेली आहे, तेव्हा उन्हाळ्यात येशील तेव्हा तयारीनं ये.

मी म्हटलं, राहिलेल्या भागात देठ घालू नका हवं तर. त्यांची आपसांत चांगली बाचाबाची झाली. शेवटी हनेनेच म्हणाली की देठ राहिलाच पाहिजे, कारण सगळ्या जणी पाकळ्या मोजायला तिथूनच सुरुवात करतात, तो काढला तर कुणाचीच वेल जुळणार नाही. मला चव्वेचाळीस वर्षांत हे ठाऊक नव्हतं. मी मधल्या हारापासून मोजते.

राहिलं कोपऱ्यातलं नाव. एकीनं कात्री उचलली, पण मी ती घेतली. मुली दोरा ओढतात आणि कापड चुरगळतं. मी कापड उलटं केलं, मागून दर तिसरा टाका कापला आणि पुढून चिमट्यानं एकेक धागा सोडवला. मुली भोवती उभ्या होत्या. त्यांना दाखवलं की कापडाला न दुखवता टाका कसा काढतात आणि ओल्या बोटानं चोळलं की भोकं कशी मिटतात. पहिलं अक्षर काढायला फार वेळ लागला, खोटं कशाला सांगू. तिसऱ्याला नाही. शेवटी तिथे नुसतं पांढरं कापड राहिलं. मी त्याच्याकडे तोंड करून खुर्ची ठेवली आणि त्या दिवसाचा धडा घेतला.

पुस्तिकेसाठीच्या चार ओळी मी दुसऱ्या दिवशी दिल्या. पहिल्या पानावर आता असं येणार आहे: नमुना एका जुन्या तबकडीच्या मागच्या बाजूवरून, काढणाऱ्याचं नाव आम्हाला माहीत नाही. देठ अलेप्पोतला. मदरनी त्यातला एक स्वल्पविराम बदलला, बाकी तसंच ठेवलं. तबकडी शिवणवर्गाच्या कपाटात आहे. हबीबना विचार, चालेल ना?

मला वाटत होतं की यानंतर बाजारातून मान खाली घालून जावं लागेल. पण काल कसायाची बायको, वार्दे, घरी आली. तिच्या मुलीचं जूनमध्ये लग्न आहे आणि सहा उशांवर अफीफेची वेल हवी म्हणाली. मी तिला बसवलं, कॉफी केली आणि सगळं सांगितलं, मेणबत्तीच्या बुडख्यापासून जर्दाळूंपर्यंत, काही न गाळता. तिनं कॉफी संपवली. कप बशीत उपडा घातला. मग म्हणाली की ते सगळं ठीक आहे, पण शेजारच्या घरी आठ उशा दिल्या होत्या, मग माझ्याच मुलीला सहा का? मी आठ कबूल केल्या.

तेव्हा पत्र इथेच आवरते. खिडकीत अजून तासभर उजेड आहे, तेवढ्यात पहिल्या उशीचा देठ घालून घेते. हनेनेच्या रीतीनं, तिथूनच सुरुवात करून बघणार आहे.

माया आहेच. ती कमी पडली तर मागून घेत जा, लाजू नकोस.

तुझी,
अफीफेताई